तिसरं बटण

मी एक मोटरहोम बोलतेय. चाकांवरचं घर म्हणा हवं तर. मिशिगनमधल्या नोव्हाय गावाबाहेरच्या मैदानात, अंगावर ताडपत्री आणि काचेवर 'विकणे आहे'ची पाटी घेऊन मी उभी आहे. गिऱ्हाईक येण्याआधी मला काही सांगायचंय.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला चार शेगड्या दिल्या, ओव्हन दिला, मोठा फ्रिज दिला आणि ओट्यावर रुंद खिडकी दिली. स्वयंपाक करणाऱ्याला बाहेरचं दिसावं, म्हणून. त्याला बाहेर जाऊच द्यावं, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

डीलरच्या आवारात कारखानीस कुटुंब आलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. उल्हासकाका मोटार कंपनीतले निवृत्त इंजिनिअर. उभं आयुष्य गाड्यांच्या सीटा बनवण्यात गेलेलं. वसुधाकाकू हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकत्याच निवृत्त झालेल्या. बरोबर मुलगा अनीश, सून चारुता आणि नात नेत्रा. काकूंची इच्छा एकच होती. लेक सुपीरिअरच्या काठाकाठाने स्वतः गाडी चालवत जायचं आणि मन लागेल तिथे थांबायचं.

माझ्या शेजारी एक छोटी व्हॅन होती. दोघांपुरता पलंग, चहापुरती एक शेगडी. काकू थेट तिच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. मागे वळून त्यांनी ती शेगडी पाहिली आणि खुदकन हसल्या.

"अहो, यात पोळ्या काही व्हायच्या नाहीत!"

शाळा सुटल्यावर मुलं ओरडतात ना, तसा त्यांच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. मला तो ऐकू आला. माणसांना नाही आला.

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "ही कॅन्सल. अनीश, ती मोठी बघू."

"अहो, मी तसं नाही म्हटलं..."

"आई, डोन्ट वरी," अनीश म्हणाला. "प्रॉपर किचनवालीच घेऊ. तू का कॉम्प्रोमाइज करायचं?"

तोवर विक्रेत्याने माझं दार उघडलं होतं. काकू माझ्या पायरीवर थबकल्या.

"ही मला ड्राइव्ह करता येईल?"

"तुला? अगं, बसएवढी आहे ही!"

"बर्फातून पहाटे लॅबला कोण जायचं? तुम्ही तर रजाईत असायचात."

"ते वेगळं."

वेगळं कसं, ते कोणी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. चारुता माझे कप्पे उघडून बघत होती. काका माझ्या सीटवर बसले आणि हरखून गेले. सीटच्या कडेला तीन बटणं होती. आपल्याला हवी तशी सीट करायची आणि बटणात साठवून ठेवायची.

"आम्हीच बनवायचो असल्या सीटा! हे बघ नेत्रा, एक माझं. दोन तुझ्या बाबाचं."

"अँड थ्री?"

"स्पेअर."

घरातली सगळी माणसं त्या वेळी तिथे उभी होती. अशी मी ठरले. जिच्या सोयीसाठी घेतली, तिचंच न ऐकता.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही लेक सुपीरिअरला गेलो. चालवायला आळीपाळीने काका आणि अनीश. रांधायला आळीपाळी नव्हती. दुपारी सगळे बोटीवर निघाले.

"आई, मी थांबू का मदतीला?" चारुताने विचारलं, पायात बूट घालून.

"जा तुम्ही. आल्यावर गरम वाढते."

काकूंनी कणीक मळली. रुंद खिडकीतून निळंशार पाणी दिसत होतं. दोन-चार पोळ्या झाल्या आणि त्यांनी एकदम गॅस बंद केला. हात धुतले आणि पुढे येऊन स्टिअरिंगमागे बसल्या. पाय पोचेनात. त्यांनी सीट पुढे घेतली, वर घेतली, पाठ सरळ केली. दोन्ही हात चाकावर ठेवले. मग तिसरं बटण दाबून धरलं. मी बीप केलं. त्यांना साठवून घेतलं.

मी तेव्हाच निघाले असते हो! पण किल्ली काकांच्या खिशात, बोटीवर होती.

संध्याकाळी काका गाडीत चढले आणि त्यांचे गुडघे आपटले.

"सीट कोणी हलवली?"

"मी. बसले होते जरा."

"ब्रेक-बिक काही दाबलं नाहीस ना?"

सगळे हसले. काकांनी एक नंबर दाबला. सीट मागे सरकली, खाली गेली. काकू ओट्याकडे वळल्या आणि त्यांनी गॅस पेटवला.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी "तुम्ही जाऊन या" म्हटलं. मग कोणीच गेलं नाही. हौसेने घेऊन दिली, पण वसुधाला फिरायची आवडच नाही, असं काका आता मित्रांना सांगतात. जाहिरातीतही त्यांनी माझं किचनच आधी लिहिलंय.

तर उद्या मला घ्यायला येणाऱ्या भल्या माणसांनो, ओटा नंतर बघा. आधी पुढे बसा आणि तीन नंबर दाबा. सीट सरसर पुढे येईल, उंच होईल, थेट चाकापाशी. ती जागा कोणाची, ते एवढ्या वर्षांत त्या घरात कोणी विचारलं नाही. तुम्ही पुसून टाकण्याआधी घडीभर तशीच राहू द्या.