बीएमआय बावीस

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. बायकांच्या दवाखान्यात पडद्याजवळ माझी जागा होती. कारखान्यात मला पांढरा रंग लागला, पाठीशी उंचीची पट्टी बसली. देवाने मला जीभ दिली नाही, पण काटा दिला आणि तो मी आयुष्यभर खरा ठेवला. बायका चपला काढून माझ्यावर चढत. काही जणी श्वास रोखून धरत. श्वास रोखून का कुठे वजन कमी होतं!

आमच्याकडे एक रीत होती. सिस्टर वजन आणि उंची ओरडून सांगायची. पडद्याआडून डॉक्टरीणबाई बीएमआय काढायच्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उत्तर साडेअठरा ते पंचवीसच्या आत आलं, की पडदा हलायचाही नाही.

कपडे शिवणारी एक बाई दर तीन महिन्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी यायची.

"त्रेपन्न किलो, एकशे पंचावन्न!"

"बावीस! छान!"

रांगेतल्या बायका तिला चिडवायच्या, "अगं, खातेस तरी काय? आम्हालाही सांग की!" ती लाजून हसायची. मलाही कोण अभिमान वाटायचा.

मग एकदा ती चढली, तेव्हा तिची पावलं मला नुसती हाडं लागली.

"सिस्टर, दंड बघा किती वाळलेत. पोट मात्र टम्म. दोन घास खाल्ले की नको होतं."

"ताई, वयाने पोट सुटतंच. वजन जिथल्या तिथे आहे. नशीबवान आहात!"

"बावीस! छान!" पडद्यातून आवाज आला.

तिच्या अंगावरचं मांस झडत होतं आणि तेवढंच पाणी पोटात साचत होतं. मला मांस, चरबी, पाणी सगळं सारखंच. मी फक्त बेरीज दाखवली. पुढच्या खेपेलाही त्रेपन्नच.

त्यानंतर धाकट्या बहिणीने तिला धरून आणलं. तिला माझ्यावर पाय ठेवता येईना. आकडाच आला नाही, म्हणून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा बाहेर आल्या. पोटावर हात ठेवताच त्यांचा चेहरा उतरला. मोठ्या इस्पितळात कळलं, बीजांडकोशाचा कर्करोग पोटभर पसरला होता.

दोन महिन्यांनी बहीण एकटीच तिचं दवाखान्याचं कार्ड परत द्यायला आली.

"आकडा तर चांगला होता ना हो?" तिने विचारलं.

सिस्टरने कार्ड घेतलं. खणात ठेवून दिलं.

आता मी अडगळीत आहे. माझ्या जागी नवं यंत्र आलंय, ते बीएमआय स्वतःच काढतं. मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमची आई, मावशी, आत्या "अंगात काहीतरी बिघडलंय" म्हणाली, तर आकडा बाजूला ठेवून तिचं पुरतं ऐका. ती बाई माझ्यावर उभी राहून सगळं सांगत होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.