मेन पाडायची वेळ

आमचे दादाजी, म्हणजे दलिचंद शेठ, जगात एकाच गोष्टीवर विश्वास ठेवतात आणि ती म्हणजे मेन स्विच. ट्यूबलाइटचं बटण, पंख्याचं बटण, वजनकाट्याचं बटण यांना ते मोजतच नाहीत. बटण बंद केलं तरी वीज भिंतीत दबा धरून बसलेली असते, असं त्यांचं शास्त्र. माझ्या जन्माआधी धरणगावला आमचं कापसाचं गोदाम एका चालू राहिलेल्या पंख्यापायी जळलं. तेव्हापासून जळगावच्या दाणा बाजारातलं दुकान बंद करताना दादाजी स्वतः गादीवरून उठतात, चप्पल घालतात आणि मेनचा दांडा खाली ओढतात. याला आमच्याकडे मेन पाडणं म्हणतात. मेन पाडल्याशिवाय शटर खाली येत नाही.

आणि अशा माणसाच्या दुकानात मला चोवीस तास चालणारं यंत्र बसवायचं होतं.

हौस म्हणून नव्हे. धुळ्याचं आमचं दुसरं दुकान रुपचंदकाका बघायचे. त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी पुण्याला मुलीकडे जायचं ठरवलं. मग धुळ्याच्या गादीवर कोण? मी धुळ्यातच इंजिनिअरिंग केलंय, तिथला एकेक किराणावाला मला ओळखतो. दुसरा उमेदवार माझा चुलतभाऊ मनन. त्याची लायकी विचाराल, तर तो मुलगा होता आणि त्याच्याकडे गाडी होती. घरात सगळ्यांनी त्याला आधीच 'धुळेवाले' म्हणायला सुरुवात केली होती आणि तोही हाक मारली की लाजून हसायचा. माझ्या अंगाची आग व्हायची.

मी दादाजींना म्हटलं, "मनन गादीवर बसून काय करणार ते सांगत नाही. मी सांगते. पारोळा, साक्री, अमळनेरचे किराणावाले संध्याकाळी त्यांचं दुकान आवरल्यावर माल आठवतात. तेव्हा आपलं बंद असतं आणि ते दुसऱ्याकडे फोन लावतात. मी असं करते, की त्यांनी रात्री कधीही मोबाइलवरून तूरडाळ मागवावी आणि दोन्ही दुकानांचा शिल्लक माल त्यांना तिथल्या तिथे दिसावा."

"कशावर चालणार ते?"

"आपल्याच जुन्या कम्प्युटरवर. त्याच्या पोटात मी आणखी मानलेले कम्प्युटर करणार. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बिलिंगचं जसं आहे तसं राहील, त्याला धक्का नाही. नव्या मशीनमध्ये माझे डबे. एका डब्यात ऑर्डरी, एकात शिल्लक, एकात हिशेब. डब्यात ज्याला जे लागतं ते सगळं आतच, म्हणजे डबा उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवला तरी तो तसाच चालतो."

"खरा एक कम्प्युटर धड चालत नाही," दादाजी म्हणाले, "आणि तू त्याच्या पोटात खोटे घालणार?"

"खोटे नाहीत, मानलेले."

"मानलेला भाऊ ऐकलाय. मानलेला कम्प्युटर पहिल्यांदा ऐकतोय." पण हिशेबी माणूस, डोळे बारीक झाले. "ठीक आहे. सोमवारपासून आठवडाभर चालव. एकदाही बंद पडलं नाही, तर धुळ्याची किल्ली तुझी. पडलं, तर मनन बसेल आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही."

"इंटरनेटवर भाड्याची मशीनं मिळतात," मनन मध्येच बोलला. त्याला आपण हुशार आहोत हे दाखवायची घाई.

"आपला माल दुसऱ्याच्या गोदामात? चालणार नाही," दादाजी म्हणाले आणि तो रस्ता माझ्यासाठीही बंद झाला.

मी काही दूधखुळी नव्हते. जळगावचं मेन रोज पडणार हे मला पाठ होतं. म्हणून तर मी धुळ्याच्या दुकानातल्या कम्प्युटरवरही तशीच मशीनं उभी केली. जळगाव बंद पडलं की डबे आपोआप धुळ्याला सुरू होणार. मोबाइलवर एक पान केलं: जळगाव, धुळे, अशी दोन नावं आणि प्रत्येकापुढे एक ठिपका. चालू असेल तर हिरवा, नसेल तर लाल. रविवारी दुपारी जळगावची पिन ओढून पाहिली. जळगाव लाल, धुळे हिरवं, ऑर्डरी सुरूच! मी दुकानात एकटीच नाचले.

संध्याकाळी दादाजींनी मेन पाडलं. जळगाव लाल झालं. धुळ्याने सगळं झेललं आणि मी कॉलर ताठ करून बसले. दोन-तीन मिनिटांनी धुळंही लाल.

मी धुळ्याला फोन लावला. दुकानातल्या कौतिकने उचलला.

"कौतिक, मशीन का बंद पडलं?"

"ताई, शेठ जेवाले घर गयात ना. जाता जाता मेन पाडी दिधं. आते बठ्ठं बंद शे."

मी कपाळावर हात मारला. चौविहार! आमच्या घरात सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. दादाजी सूर्याकडे बघून दुकान बंद करतात आणि रुपचंदकाका त्यांचाच धाकटा भाऊ, तेही सूर्याकडे बघूनच. मेन पाडायची शिकवणही एकाच घरातली. धुळं थोडं पश्चिमेला, तिथे सूर्य दोन-तीन मिनिटं उशिरा मावळतो, तेवढाच काय तो माझ्या सगळ्या इंजिनिअरिंगचा जीव. एकमेकांना सावरायला ठेवलेली दोन मशीनं मी अशा दोन भावांच्या हवाली केली होती, जे रोज एकाच वेळी ताटावर बसतात. कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

मेन पाडू नका म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं असतं तर परीक्षा तिथेच संपली असती. यूपीएस लावला असता, तरी तो पाव तास धापा टाकून मान टाकणार. मला अशी जागा हवी होती जिथे मेन कधीच पडत नाही. रात्री जळगावातल्याच मेहरूणच्या आमच्या घरी विचार करत पडले होते, तेवढ्यात फ्रिज घरघरला.

फ्रिज! दादीचं इन्सुलिन त्यात असतं. म्हणून आमच्या घरचं मेन दादाजी कधी पाडत नाहीत. गावाला जातानाही नाही.

सकाळी मी दादीला, म्हणजे सज्जनबाईंना, सगळं सांगितलं. दादीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुझे डबे रात्री माझ्याकडे मुक्कामाला येणार?"

"हो. आणि सकाळी दुकान उघडलं की परत जाणार."

"यांना सांगायचं नाही?"

"विचारलं तर सांगायचं. विचारलं नाही तर नाही."

दादीच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला तिचं लग्नाआधीचं वय दिसलं. माझं कॉलेजपासूनचं छोटं कम्प्युटर मशीन तिने फ्रिजमागच्या फळीवर ठेवलं आणि त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. दुपारपर्यंत ते तापून लाल झालं, तेव्हा झाकण काढून पापडाची जाळी लावली. माझ्या पानावर तिसरं नाव आलं: घर.

मग सोमवारची संध्याकाळ. मंगळवार. बुधवार. दोन्हीकडे मेन पडायचं, जळगाव लाल, धुळे लाल, घर हिरवं. साक्रीचा एक किराणावाला रात्री जेवून उठला की हरभराडाळ मागवायला लागला. दादी भाजी निवडता निवडता विचारायची, "आले का गं सगळे?" आणि मी म्हणायचे, "आले." दादाजी रोज सकाळी ऑर्डरी बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे पसंती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मननलाही माहीत होतं, म्हणून त्याला झोप येईना.

शेवटच्या दिवशी, रविवारी, तो दुपारी दादीकडे लोणचं मागायला आला. फ्रिजच्या मागे काहीतरी लुकलुकताना दिसलं. लोणचं तिथेच ठेवून तो थेट दुकानात दादाजींकडे गेला.

त्या संध्याकाळी दादाजी नेहमीपेक्षा लवकर घरी आले. जेवले. तोंड पुसलं. मला हाक मारली. थोड्या वेळाने मनन आला, धापा टाकत, पण चेहरा मात्र वरातीतला.

"दुकान बंद केलंस?" दादाजींनी विचारलं.

"केलं. धुळ्यालाही फोन करून विचारलं. तिथलंही बंद." माझ्याकडे बघून तो म्हणाला, "आता फक्त फ्रिज."

पान उघडायची माझी हिंमत होईना.

"विधी," दादाजी म्हणाले, "घरची लाइट गेली तर तुझे डबे कुठे जातील?"

खोटं कसं बोलणार? "कुठे नाही," मी म्हटलं.

"मग ते उभं राहिलेलं नाही. टेकलेलं आहे." ते उठले आणि मेनपाशी गेले. हात वर केला आणि थबकले. दादीकडे पाहिलं.

"बघता काय?" दादी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. "माझं औषध तासभरात बिघडत नाही. पाडा. पोरीने आठवडा काढला, तुम्हाला एक संध्याकाळ सोसवत नाही. पाडा!"

दादाजींनी मेन पाडलं. इन्व्हर्टर त्यांनी घरात कधी येऊच दिला नव्हता. फ्रिज घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करून थांबला. घर अंधारात गेलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुळ्याची गादी, साक्रीची हरभराडाळ, सगळं गेलं. ज्या गावात मी शिकले तिथे आता मनन गाडीतून उतरणार होता.

"दाखव," मनन म्हणाला. "पान दाखव ना."

त्याच्या आवाजाचा इतका राग आला की मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "बघ!"

त्याने बघितलं. मग मी बघितलं.

घर लाल. धुळे लाल. जळगाव हिरवं.

देवाशपथ, मला काहीच कळलं नाही. तेवढ्यात साक्रीवाल्याची ऑर्डर आली आणि मोबाइल टिंग वाजला. त्या शांततेत तो आवाज मंदिरातल्या घंटेएवढा मोठा वाटला.

दादाजींनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला. "जळगाव म्हणजे?"

"आपलं दुकान," मी म्हटलं. "तिथलं मशीन चालू आहे. म्हणजे तिथे वीज आहे."

दादाजींनी मोबाइल मला परत दिला आणि ते सावकाश वळले. "मनन, मेन कोणी पाडलं?"

मनन उभ्याचा बसला. "शटर लावलं... कुलूप लावलं..."

"मी मेन विचारतोय."

मला पकडायच्या घाईत तो मेन पाडायचंच विसरला होता. आमच्या घरात ज्याला माल मोजता येत नाही त्याला माफी आहे, ज्याला गिऱ्हाईक सांभाळता येत नाही त्यालाही आहे. मेन विसरणाऱ्याला नाही.

दादाजींनी कोपऱ्यातली बॅटरी उचलली, चप्पल पायात सरकवली. "चल," ते मननला म्हणाले. "तुझ्या हाताने पाडायचं. मी बघणार."

ते दारापर्यंत गेले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. घर बंद, धुळं बंद. आता जळगावचं मेन पडलं की सगळं संपणार होतं, आणि आठवडा पुरा व्हायला अजून रात्र बाकी होती. सांगू कसं? पाडू नका म्हणायचं नाही, हे तर मी पहिल्या दिवसापासून पाळलं होतं.

दादाजी उंबऱ्यात थांबले. परत आत आले. मेनपाशी जाऊन त्यांनी दांडा वर केला. घरात उजेड आला, फ्रिज घरघरला, फ्रिजमागे मशीन लुकलुकायला लागलं.

मनन बाहेरून म्हणाला, "दादाजी, चलताय ना?"

"थांब." दादाजी पाटावर बसले. हातातली बॅटरी उगाच पेटवत, विझवत राहिले. दादी त्यांच्याकडे न बघता पदराआड हसत होती. मी मोबाइलवर नजर लावून उभी होते आणि घरापुढचा लाल ठिपका काही हलेना.

शेवटी तो हिरवा झाला.

"आले का गं तुझे डबे?" दादाजींनी विचारलं.

"आले."

"मग निघतो," ते म्हणाले, आणि मेन पाडायला गेले.