शेवटून पहिली

नाताळबाबाची दाढी लावता लावता सुनेला शिंक आली आणि कापूस नाकातोंडात गेला. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने हसत हसत तिच्या कानामागे रबर अडकवून दिलं, टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"आता तुम्हाला तुमचा नवरासुद्धा ओळखणार नाही."

"तेच बरं," सून म्हणाली. ते इतकं मनापासून निघालं की तिची तिलाच लाज वाटली.

नदीकाठच्या रस्त्यावर लाल डगल्यांची ही गर्दी जमली होती. दर वर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी ही दौड असे. पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडून वळायचं आणि आल्या वाटेने परत. कोणी पळे, कोणी चाले, कोणी बाबागाडी ढकली. यंदा दातांच्या दवाखान्यातले सगळे मिळून उतरले होते. डॉक्टरीणबाई, काउंटरवरची मुलगी आणि डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करणारी ही.

सुनेची खरं तर ही सातवी दौड. लग्न होऊन या गावात आली तेव्हा कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं तिच्या. दिवसदिवस खिडकीशी बसून राहायची. सासूबाईंनी आठवडाभर ते पाहिलं आणि एक दिवस दोन लाल टोप्या घेऊनच घरी आल्या. "ऊठ. माणसं बघायला जाऊ." सासूबाईंची नोकरी टेलिफोन ऑफिसात, फोन जोडून द्यायच्या बोर्डावर गेलेली. बोलल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. वाटेतल्या प्रत्येकाची विचारपूस करत त्या चालायच्या, आणि सून त्यांच्या शेजारून. आज बाजारात तिला चार माणसं हाक मारतात, ती त्या दौडीमुळे.

पण गेल्या वर्षी दोघी अगदी शेवटी पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी "या, शेवटून पहिल्या!" म्हणून स्वागत केलं. चेष्टाच ती, पण वर्षभर पुरली. सुनेच्या मनाने घेतलं, एकदा तरी आपल्या पायांनी, आपल्या वेगाने, एकटीने ती रेघ ओलांडायची. पहाटे ती गुपचूप पळायचा सराव करू लागली. आणि पंधरा दिवसांपूर्वी, सासूबाई भाजी निवडत असताना, त्यांच्याकडे पाठ करून तिने सांगून टाकलं, "आई, यंदा दौड रद्द झाली. रस्त्याचं काम निघालंय म्हणे."

सासूबाईंचा हात क्षणभर थांबला. "हो का? बरं झालं. माझ्या गुडघ्यालाही आराम."

इतकं सोपं गेलं म्हणूनच ते तिला लागलं. भांडल्या असत्या, हळहळल्या असत्या, तर निदान मनातल्या मनात त्यांच्यावर रागावता आलं असतं. दवाखान्यात कोणी विचारलं तेव्हा तिने दुसरी थाप मारली. सासूबाईंचा गुडघा फार धरलाय, त्या यायच्या नाहीत. आज सकाळी सासूबाई तिच्याही आधी घराबाहेर पडल्या, बहिणीकडे जाऊन येते म्हणून. सुनेने दवाखान्यातल्या सामानाची मोजदाद आहे असं सांगितलं होतं. दारात दोघी एकमेकींना "सांभाळून जा" म्हणाल्या होत्या.

भोंग्यावरून खेळाच्या सामानाच्या दुकानाचा मालक ओरडला. दौड तोच भरवत असे.

"यंदा एक नवीन सोय आहे! सगळ्यांच्या मागे पिवळ्या जाकिटात आपला एक कार्यकर्ता असेल. शेवटचा गडी रेघ ओलांडून गेल्याशिवाय तो ओलांडणार नाही. तेव्हा शेवटचं येण्याची धास्ती आजपासून कोणालाच नाही!"

लोक हसले. सुनेला वाटलं, ही अक्कल गेल्या वर्षी सुचली असती तर! मग शिट्टी झाली आणि ती पळत सुटली.

पाय हलके होते. पुलापर्यंत ती डॉक्टरीणबाईंच्या खांद्याला खांदा लावून होती. डॉक्टरीणबाई धापा टाकत म्हणाल्या, "अगं, तू तर छुपी रुस्तम निघालीस!" सुनेला आनंद झाला, आणि तो कोणाला सांगायचा हे शोधताना सासूबाईंचाच चेहरा डोळ्यांपुढे आला. तिने मान झटकली आणि वेग वाढवला.

पूल ओलांडून वळल्यावर समोरून मागची माणसं येऊ लागली. आधी पळणारी, मग रमतगमत चालणारी, मग बाबागाड्या. सगळ्यांच्या शेवटी एक जाडजूड गृहस्थ घामाघूम होऊन पाय ओढत होता, आणि त्याच्या शेजारी पिवळं जाकीट घालून, हातवारे करत, त्याला काहीतरी रंगवून सांगत सासूबाई चालल्या होत्या.

सुनेचा पाय अडखळला. पळावं की थांबावं ते कळेना. सासूबाईंनी समोरून येणाऱ्या सगळ्यांकडे पाहून हात केला, तसा तिच्याकडेही केला. "शाब्बास! चला, चला, थोडंच राहिलंय!" खणखणीत आवाज, बोर्डावरचा. ती तशीच बाजूने निघून गेली. चार पावलांवर वळून पाहिलं तर जाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, शेवटून पहिला.

परतीच्या वाटेवर तिला कोण पुढे गेलं, कोण मागे पडलं, काही कळलं नाही. दाढीच्या आत तोंड गरम झालं होतं. समोर रेघ दिसू लागली. डॉक्टरीणबाई तिच्या आधीच पोहोचून पलीकडून हात हलवत होत्या. घड्याळवाला माणूस मान वर करून उभा होता. रेघेपासून पाच-सहा पावलांवर सून थांबली.

"अगं, ये ना! घड्याळ चालू आहे!"

ती हलली नाही.

"पायात गोळा आला का?"

"नाही. मी थांबते. सासूबाई येतायत."

"त्यांचा तर गुडघा..." काउंटरवरची मुलगी बोलता बोलता गप्प झाली. डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने मुलीने रेघेपलीकडून पाण्याची बाटली पुढे केली. सुनेने ती घेतली, पण उघडली नाही.

माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी येत राहिली. कोणी तिला ढकललं, कोणी वाट चुकली का म्हणून विचारलं. बाबागाड्या गेल्या. डॉक्टरीणबाई "येतो हं आम्ही" म्हणून गेल्या. कार्यकर्ते दोऱ्या गुंडाळू लागले. तिने दाढी काढून हातात घेतली. घामाने ओला सदरा थंडीत गार होऊन पाठीला चिकटला होता, आणि हे आपल्याला झालं ते ठीकच झालं असं तिला वाटत होतं.

शेवटी तो जाडजूड गृहस्थ आला. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा, आता पळत जा! घरी सांगायला बरं!" तो खरंच पळत गेला, आणि उरल्यासुरल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सासूबाईंची नजर सुनेवर पडली. दोघी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मोजदाद झाली का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मी खोटं बोलले."

"हं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू बोललीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दुकानवाल्याचा फोन आला. म्हणाला, शेवटचं राहायला कोणी तयार होत नाही, तुम्ही याल का? मी म्हटलं, येईन की. मला सवय आहे."

सुनेला खाली मान घालावीशी वाटली, पण तिने घातली नाही. "मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? घरात रोज एकमेकींचं तोंड बघायचंय." सासूबाई जाकिटाची चेन उगीच खालीवर करत होत्या. "गेल्या वर्षी तो फोटोवाला आपल्यासमोर आला, तेव्हा तू पटकन बाजूला झालीस. मला वाटलं, लाजली असेल. घरी जाईपर्यंत वाटत होतं तसं. मग नाही वाटलं."

सुनेला तो फोटो आठवत होता. त्यात सासूबाई एकट्याच होत्या, आणि शेजारी कोणाशी तरी बोलत असल्यासारख्या हसत होत्या. वर्षभरात त्या याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"मला तुमची लाज वाटली होती," ती म्हणाली. "तुमच्याच हाताला धरून मी इथे आले, आणि मला तुमची लाज वाटली."

सासूबाई नदीकडे बघू लागल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "एकटी जाऊ का, विचारलं असतंस ना," त्या हळूच म्हणाल्या, "तर मीच तुझ्या टोपीला टाका घालून दिला असता."

घड्याळवाल्याने लांबून हाक मारली, "आजी, आटपा! आम्हाला सामान भरायचंय!"

"चला," सासूबाई म्हणाल्या. "हो पुढे."

"बरोबर जाऊ ना, आई."

"तसं चालत नाही. तू ओलांडल्याशिवाय मला ओलांडता येत नाही. मी शब्द दिलाय त्यांना."

"मग मी तुमचा हात धरते. एकदमच पाऊल टाकू."

"अगं, माणसं खोळंबलीत." सासूबाईंनी तिचा हात धरला, दाबला, आणि सोडला. "जा. एवढा सराव केलास पहाटे उठून. मला काय दाराचा आवाज येत नाही?"

सून चालू लागली. मागून पावलं ऐकू येईनात, म्हणून रेघेशी पोहोचल्यावर तिने वळून पाहिलं. सासूबाई तिथेच उभ्या होत्या आणि हाताने तिला जा, जा म्हणून खुणावत होत्या.