चामडेपंडिताचं नाक

बाथरूमच्या टबात आज पुन्हा कोणाची तरी जुनी हँडबॅग डुंबत पडली होती आणि घरातली बाई टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर ताटकळत होती.

"अहो, मला आंघोळ करायचीय."

"वीस मिनिटं थांब," आतून नवऱ्याचा आवाज आला. "चामडं भिजतंय. मधेच बाहेर काढलं तर डाग बसतो."

"आणि मी किती वेळ उभी राहू?"

"तुला काय डाग बसणार आहे?"

यावर तो स्वतःच हसला. रिटायर झाल्यापासूनची चार वर्षं तो स्वतःच्याच विनोदांवर हसत आला होता, कारण दुसरं कोणी हसत नव्हतं.

नोकरीत असताना हा माणूस बरा होता असं म्हणायचीही सोय नाही. तेव्हा तो दिवसभर घरात नसायचा, एवढाच काय तो त्याचा गुण. रिटायर झाला आणि दोन महिन्यांत एका बंद पडलेल्या घराच्या भंगारातून बुरसटलेली चामड्याची पर्स उचलून घेऊन आला. साबणानं धुतली, क्रीम चोळलं, पितळी कडी टूथपेस्टनं घासली, आणि शेजारच्या बाई बघून "वा!" म्हणाल्या. झालं! त्या एका "वा"नं माणूस कामातून गेला. पस्तीस वर्षं ऑफिसात कोणी त्याला "वा" म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं असं त्यानं काही केलंही नव्हतं. तेव्हापासून बायकोनं मनातल्या मनात त्याचं नाव चामडेपंडित ठेवलं होतं.

आता घरातल्या दुसऱ्या बेडरूममध्ये बेचाळीस बॅगा होत्या. पलंगावर बॅगा, कपाटात बॅगा, खिडकीला आडव्या बांधलेल्या काठीवर बॅगा. प्रत्येकीच्या पोटात जुने टॉवेल कोंबलेले, म्हणजे वाळताना आकार बिघडू नये. खिडकीला जाड पडदा, कारण उन्हानं चामडं तडकतं. पंडित रोज सकाळी त्या खोलीत जायचा आणि एकेकीला मऊ फडक्यानं गोल गोल चोळायचा, "ये बाई, किती कोरडी पडलीस गं," असं म्हणायचा. बायकोच्या टाचांना हिवाळाभर भेगा पडल्या होत्या. त्याला त्या कधी दिसल्या नाहीत. त्या चामड्याच्या नव्हत्या ना!

आता यातली खरी मेख ऐका. दोन वर्षांपूर्वी पंडिताला जबर ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना त्याच्या नाकातला वास घेऊन गेला. बायकोला हे कळलं ते दुधामुळे. गॅसवर दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं ठिक्कर पडलं, घरभर धूर झाला, आणि हा शेजारच्या खुर्चीत बसून आरामात पेपर वाचत होता. तिनं विचारलं, "वास नाही आला?" तर म्हणाला, "लक्ष नव्हतं." आठ दिवसांनी कधीतरी एकदा कबूल केलं आणि लगेच दम भरला, "बाहेर कोणाला बोलायचं नाही."

कारण जुन्या बॅगेचं खरं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. वरून ती आरशासारखी चमकते आणि आत अस्तराखाली, तळाच्या पुठ्ठ्यात, बुरशी मुरून बसलेली असते. ती फक्त नाकाला कळते. व्हिनेगरच्या पाण्यानं पुसायचं, खायच्या सोड्याच्या पुरचुंड्या आत ठेवायच्या, हवेशीर टांगायचं, आणि मग हुंगायचं. वास असला की पुन्हा पहिल्यापासून. ज्याला वास येत नाही त्यानं हे काम करणं म्हणजे बहिऱ्यानं तंबोरा सुरात लावण्यासारखंच.

मग हुंगायचं कोणी? बायकोनं.

ती पोळ्या लाटत असो की फोनवर बोलत असो, पंडित येणार, बॅग उघडून तिच्या तोंडासमोर धरणार आणि भुवया उडवणार. तोंडानं विचारायचं नाही, कारण विचारलं तर मागितल्यासारखं होतं. तीही एक श्वास घेऊन सांगायची, "आहे अजून. डाव्या कोपऱ्यात." नाहीतर, "बुरशी गेली, पण सिगारेट राहिलीय." हळूहळू तिचं नाक असं तयार झालं की वासावरून ती बॅगवाली बाई कशी होती ते सांगू शकायची. ही पावडर थापायची, हिच्या पर्समध्ये कायम खोकल्याचं औषध, ही भिजलेली छत्री तशीच आत टाकायची, आळशी मेली. तिचं तिलाच नवल वाटायचं. नवऱ्याला वाटायचं नाही.

आणि गिऱ्हाईक आलं की काय थाट! पंडित स्वतः बॅग उचलायचा, डोळे मिटायचा, त्या मेलेल्या नाकानं लांबलचक श्वास ओढायचा आणि म्हणायचा, "आता कसं! नुसतं चामडं!" बायको चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. कोणी कौतुकानं विचारलं, "वहिनी मदत करत असतील ना?" तर हा म्हणायचा, "छे! तिला यात गती नाही." तिला ट्रे त्याच्या डोक्यावर आपटावासा वाटायचा. कपबश्या चांगल्या होत्या म्हणून ती आपटायची नाही.

तर अशा घरात त्या मंगळवारी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, गुरुवारी ऑपरेशन ठरलं. खुबा बदलणार आहेत. सोमवारी घरी सोडतील, पण डॉक्टर म्हणतात सहा आठवडे जिने चढायचे नाहीत."

धाकटी एकटी राहायची, चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

"मग सरळ इकडे ये," ताई म्हणाली. "आमच्याकडे लिफ्ट आहे, एक खोली आहे, मी आहे. आणखी काय हवं?"

"भाऊजींना चालेल ना?"

"न चालायला काय झालं? चालवून घेतील."

भाऊजींना चाललं नाही. पंडित तेव्हा कानात घालायच्या कापसाच्या काडीनं एका चेनच्या दात्यांमधला मळ काढत बसला होता. त्यानं मानही वर केली नाही.

"खोलीत माल आहे."

"माल हलवता येतो. हॉलमध्ये ठेवा, बाल्कनीत ठेवा."

"हॉलमध्ये ऊन येतं. बाल्कनीत दमट. शिवाय शनिवारी दुकानवाल्या बाई येतायत. शोकेससाठी अकरा बॅगा नेणार आहेत, माझ्या नावाची पाटी लावून! तोपर्यंत एक बॅग जागची हलणार नाही."

"बरं, शनिवार होऊ दे. ती सोमवारी येईल."

"त्यानंतरही नाही. बाकीच्या एकतीस काय डोक्यावर घेऊन बसू? तिला हॉलमध्ये सोफ्यावर झोपव."

"खुबा बदललेल्या बाईला त्या खोलगट सोफ्यावर? उठायला लागली तर सांधा निखळेल तिचा."

तेव्हा पंडितानं काडी खाली ठेवली आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाला, "हे बघ, माणूस कुठेही राहतो गं. चामड्याला जागा लागते."

ती आत गेली, पाण्याचा ग्लास भरला आणि तो न पिताच मोरीत ओतला. बत्तीस वर्षांत हा माणूस तिला कंजूष वाटला होता, बढाईखोर वाटला होता, कित्येकदा निव्वळ गाढव वाटला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्याची किळस आली.

गुरुवारी धाकटीचं ऑपरेशन नीट पार पडलं. ताई भेटायला गेली तेव्हा धाकटीनं पहिला प्रश्न हाच विचारला, "खोलीचं नक्की ना गं, ताई? इथल्या नर्सबाई विचारत होत्या. कोणी न्यायला नसेल तर कुठल्यातरी आश्रमात पाठवतात म्हणे." तिच्या डोळ्यांत भीती होती आणि ती लपवायचं त्राण नव्हतं.

"नक्की," ताई म्हणाली.

शनिवारी सकाळी पंडितानं निवडलेल्या अकरा बॅगा जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. मग पहिली उचलली आणि सवयीप्रमाणे बायकोच्या तोंडापुढे धरली. गडद तपकिरी, रुंद तोंडाची, वर पितळी टिचबटण. चार महिने राबला होता तो तिच्यावर. तिनं श्वास घेतला. बंद तळघरासारखा कुबट वास थेट टाळूला जाऊन चिकटला.

"काही नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"स्वच्छ आहे."

दुसरी खरंच स्वच्छ होती. तिसरीत बुरशी, सहावीत बुरशी, नववीत तर अशी की तिचे डोळे चुरचुरले. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "स्वच्छ." नवऱ्याशी खोटं बोलताना तिला काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं ते घाण वासाला चांगलं म्हणताना. दोन वर्षांत तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं, आणि आज तिनं ते मुद्दाम चुकवलं होतं.

दुकानवाल्या बाई अकराला आल्या. कापलेले पांढरे केस, मनगटावर घड्याळ सोडून काही नाही, आणि अघळपघळ बोलण्याला अजिबात वेळ नाही. पंडितानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यानं ती तपकिरी बॅग उचलली, डोळे मिटले, छाती भरून श्वास ओढला.

"बघा! नुसतं चामडं!"

बाईंनी बॅग घेतली, टिचबटण उघडलं, आत तोंड घातलं आणि चटका बसल्यासारखं बाहेर काढलं.

"अहो, ही कुबट आहे."

"शक्यच नाही." पंडित हसला. त्यानं बॅग परत घेऊन आणखी जोरात हुंगली. "पॉलिशचा वास असेल तो."

बाईंनी तिसरी उघडली, मग सहावी, मग नववी. नववी त्यांनी पंडिताच्या नाकाखाली धरली. "ही?"

"ही तर उत्तम," पंडित म्हणाला.

बाईंनी बॅग हळूच खाली ठेवली. "तुम्हाला वासच येत नाही," त्या म्हणाल्या.

पंडिताचा चेहरा पांढराफटक पडला. इस्त्रीच्या शर्टात तो अचानक कोणा मोठ्या माणसाचे कपडे घातल्यासारखा दिसायला लागला.

"पण मग एक कळत नाही," बाई म्हणाल्या. "आजवर तुम्ही मला वीसेक बॅगा दिल्यात. एकीलाही वास नव्हता. त्या कोणी तपासल्या?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ठाऊक होतं, त्यानं नुसतं "हिनं" म्हटलं असतं तर ती पुढे झाली असती. चांगल्या सात वेगळ्या काढून दिल्या असत्या, चूक स्वतःवर घेतली असती, कदाचित सगळं विसरलीही असती. एक शब्द पुरे होता. बत्तीस वर्षांची बायको इतक्या स्वस्तात विकत मिळत होती.

पंडितानं तिच्याकडे पाहिलं, आणि नजर वळवली.

"कोणी नाही," तो म्हणाला. "मीच."

बाईंनी पर्स खांद्याला लावली. "माफ करा. अशी एक जरी दुकानात ठेवली तरी शेजारच्या दहांना लागण होते." आणि त्या निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

बायको सरळ दुसऱ्या खोलीत गेली. पडदा बाजूला सारला, खिडकी सताड उघडली आणि पलंगावरच्या बॅगा उचलून बाल्कनीत नेऊन एकावर एक टाकायला लागली. पंडित तिच्या मागे धावत आला.

"अगं, अगं! असं एकत्र टाकू नकोस! बुरशीवाल्या वेगळ्या काढायला हव्यात!"

"काढा ना."

"मला कसं कळणार कुठल्या त्या?"

ती कपाटातल्या बॅगा काढायला लागली. दारात बाजूला सरकून तिला वाट देण्याशिवाय त्याला काही सुचेना. खोलीतल्या एकतीसच्या एकतीस बाल्कनीत गेल्या. टेबलावरच्या अकराही तिनं त्यांच्यातच मिसळल्या, तेव्हा त्याच्या घशातून विचित्र आवाज आला.

"तू सकाळी मुद्दाम खोटं बोललीस," तो म्हणाला.

"हो."

"का?"

तिनं त्याला नीट न्याहाळलं. हा प्रश्न तो खरोखरच विचारत होता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. आपण चिडलो होतो कोणावर, असं तिला वाटून गेलं. चिडण्याइतकंही यात काही नव्हतं.

"सोमवारी माझी बहीण येतेय," ती म्हणाली. "सहा आठवडे राहील."

"येऊ दे! येऊ दे की!" तो घाईघाईनं म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? पण एवढं सांग ना गं, कुठल्या चांगल्या आहेत? नुसतं हुंगून सांग. दहा मिनिटांचं काम. तुझ्याशिवाय कोण सांगणार मला?"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तोंडानं मागितलं होतं.

"सांगीन," ती पलंगावर चादर झटकत म्हणाली. "ती बरी होऊन आपल्या पायांनी घरी गेली, की सांगीन."

"सहा आठवड्यांत सगळ्या सडतील गं!"

"सडतील," ती म्हणाली आणि उशीला धुतलेला अभ्रा घालू लागली.