पिंपामागची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. भट्टीतून लालबुंद होऊन निघाले तेव्हा वाटले होते, एखाद्या चर्चच्या मनोऱ्यात जाईन. नशिबी आले जर्मनीतल्या वुर्झबुर्ग शहरातले एक तळघर! लढाई सुरू झाली तेव्हा शहरभर शेजारशेजारच्या तळघरांमधली जाड भिंत पोखरली आणि त्या जागी आम्हा विटांचा एकच पातळ थर लावला. घर पेटले, तर तो फोडून शेजारच्या तळघरातून निसटायचे. म्हणजे वेळ आली की निखळून पडणे, हेच माझे काम.

माझ्या एका बाजूला विधवा वाल्बुर्गाबाई आणि तिची लेक अफ्रा राहत. दुसऱ्या बाजूला वाइनचे व्यापारी क्रेस. त्यांनी मला खेटून पिंपे रचली.

"क्रेसशेठ, तेवढी पिंपं हलवा हो," वाल्बुर्गाबाई विनवायची.

"हलवीन की, ईस्टर झाल्यावर. आत्ता हलवली, तर भिंतीला भोक पाडून प्यायला याल!"

"मरायला टेकल्याशिवाय कशाला पाडू?"

"मग टेका आधी!" आपल्याच विनोदावर क्रेस पोट धरून हसले.

ईस्टरच्या आधीच बॉम्ब टाकणारी विमाने आली. सगळे शहर पेटले. क्रेस केव्हाच नदीकडे पळाले होते. वाल्बुर्गाबाईने घण घातला आणि मी निखळले. अगदी इमानाने निखळले हो! पण पुढे पिंप. तिने तेही फोडले. वाइन मायलेकींच्या पायांवरून वाहिली. त्याच्या मागे दुसरे पिंप होते.

"आई, क्रेसकाका रागावतील," अफ्रा म्हणाली.

मग धूर आला. दोघी तिथेच गेल्या.

लढाई संपल्यावर बायका ढिगाऱ्यावर बसून हातोडीने विटांचा चुना काढू लागल्या. "ही धड आहे गं!" म्हणत एकीने मला उचलले आणि मी क्रेस यांच्याच नव्या तळघरात लागले. शहर पुन्हा देखणे झाले. दरवर्षी शहर जळाले त्या दिवशी चर्चच्या साऱ्या घंटा वाजतात, तेव्हा क्रेस मला थोपटून गिऱ्हाइकांना सांगतात, "बिचारीनं फार सोसलं." लोक डोळे पुसतात. मला त्या हाताची किळस येते.

या तळघरातही शेजारच्या घरासाठी संकटकाळचे दार ठेवले आहे. परवा शेजारी नवीन राहायला आलेली बाई खाली आली.

"क्रेसशेठ, दारापुढची पिंपं हलवा ना. माझी पोरं लहान आहेत."

"हलवीन की," क्रेस म्हणाले, "ईस्टर झाल्यावर."

मित्रांनो, मला जपू नका, माझ्यावर फुले वाहू नका. घरी गेलात की कुणाच्या वाटेत तुमचे काही पडले आहे का, तेवढे बघा. असेल, तर आजच हलवा.