खुर्चीबदल

धाकटी महिनाभर परदेशात जाऊन तरुण पोरांची सेवा करणार होती आणि घरात तिचे मोजे मात्र मी शोधत होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला युवा केंद्र आहे. शाळा सुटलेली, घरी न रमणारी पोरं तिथे येतात. शनिवार-रविवार आम्ही दोघी बहिणी तिथे फुकट राबतो. मी आठ वर्षं, ती तीन. बाहेरच्या एका संस्थेने एका स्वयंसेवकाची जागा कळवली तेव्हा दोघींनी अर्ज केले. दोन्ही मीच टाइप केले, कारण माझं पोट टायपिंगच्या दुकानावर चालतं. मुलाखतीत केंद्राच्या मॅडमनी विचारलं, "तुमचं वेगळेपण काय?" मी म्हटलं, "वेळेवर येते." धाकटी वीस मिनिटं बोलली. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, तिची विकली गेली.

मला तिचा हेवा वाटला. आईने विचारलं, जेवत का नाहीस, तर मी म्हटलं पोटात दुखतंय. त्यात खोटं काही नव्हतं. आईने गोळी दिली, पण हे दुखणं गोळीने जाणारं नव्हतं.

केंद्राचा नियम असा की बाहेर गेलेल्याने महिनाअखेर एका पानाचा अहवाल द्यायचा, 'मी गेले, मी केलं' असा. धाकटीला चार ओळी सरळ लिहिता येत नाहीत. म्हणून ती फोनवर बोलून निरोप पाठवणार आणि मी त्याचा अहवाल करणार, असं ठरलं. दुकानात मी दिवसभर हेच करते. माणसं समोर बसून घोळ घालतात आणि मी त्यांच्या 'मी'मध्ये शिरून सरळ अर्ज करून देते.

तीस दिवसांत एकेचाळीस निरोप आले. आज चार शाळा झाल्या. आज बोटीतून पलीकडे गेलो, निम्मी पोरं ओकली, मी नाही. आज बेसिनमध्ये मोजे धुतले. आज रात्रीच्या गाडीत एका मुलीने माझ्या खांद्यावर झोप काढली, तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. इकडे मी लोकांचे वीजजोडणीचे अर्ज बडवत होते, आणि शनिवारी तिचाही गट माझ्याच गळ्यात. त्यातली पोरं विचारायची, "छोट्या ताई कधी येणार?" मी म्हणायचे, "येईल, पळून नाही गेली." निरोप मी दुप्पट वेगाने ऐकायचे. त्या वेगात तिचा आनंद चिरका ऐकू यायचा, तेवढंच बरं वाटायचं.

सतरा तारखेचा निरोप पावणेनऊ मिनिटांचा होता. "ताई, ऐक ना, आज खुर्चीबदल घेतला. ऐंशी पोरं होती. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते गं."

खुर्चीबदल हा माझा खेळ. एका रॅकेटवरून दोन मुली हातघाईवर आल्या होत्या, तेव्हा मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एकमेकींच्या खुर्चीत बसायचं आणि समोरचीचं भांडण 'मी' म्हणून सांगायचं. समोरची "हो, असंच" म्हणेपर्यंत आपली खुर्ची परत मिळत नाही. आठ वर्षांत माझ्या डोक्यातून निघालेली ही एकच गोष्ट, आणि तीही हिने परक्यांच्या टाळ्यांसाठी उचलली.

मी निरोप तिथेच बंद केला. सात मिनिटं उरली होती, ती कोण ऐकणार? अहवालात टाइप केलं : 'या शिबिरात मी स्वतः तयार केलेला खुर्चीबदल हा खेळ घेतला.' म्हटलं, चोरी तिच्याच 'मी'ने कागदावर येऊ दे. केंद्रातली पोरं वाचतील आणि म्हणतील, अहो, हा तर मोठ्या ताईंचा खेळ. महिनाअखेर तिला फोनवर विचारलं, वाचून दाखवू का? ती म्हणाली, "तू लिहिलंयस ना, मग दे."

मी दिला.

चार दिवसांनी मॅडम स्वतः दुकानात आल्या. "त्या संस्थेचं पत्र आलं होतं. खुर्चीबदल ज्यांनी तयार केला त्यांना पुढच्या वर्षी तीन महिने शिकवायला बोलावतायत. नाव विचारलं होतं. अहवालात स्पष्टच आहे, म्हणून धाकटीचं कळवून टाकलं. तुला या बोलावण्याचं काही माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही." त्या गेल्यावर मी तो निरोप लावला, या वेळी साध्या वेगाने. तिसऱ्या मिनिटाला धाकटी सांगत होती, "मी माइकवर सांगितलं, हा खेळ माझ्या ताईचा आहे, तिला विचारा. ते तुलाच बोलावणार आहेत गं. अहवालात तुझं नाव नक्की घाल, मॅडम अहवाल बघूनच नाव कळवतात. लाजून गाळू नकोस, मी ओळखते तुला."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आली. बॅग दारातच टाकून तिने विचारलं, "मॅडम बोलल्या?" मी अहवालाची प्रत पुढे केली. तिने ती उभ्यानेच दोनदा वाचली.

"हे मी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"मी पुढचं ऐकलंच नाही. उद्या मॅडमना सगळं सांगते. दुसरं पत्र मीच टाइप करते."

"पत्र होईल गं. बस."

तिने जेवणाच्या टेबलाजवळच्या दोन खुर्च्या ओढून समोरासमोर केल्या. मी नेहमी बसते त्या खुर्चीत ती बसली. मला तिच्या खुर्चीत बसावं लागलं. आई ओट्याजवळून बघत होती.

धाकटी माझ्यासारखी हातांची घडी घालून बोलायला लागली. "मी ताई. मला वाटलं, धाकटीने माझा खेळ चोरला. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. पुढची सात मिनिटं ऐकली असती तर तिने चोरला नाही हे कळलं असतं, आणि मग मला तिच्यावर चिडता आलं नसतं. तिने खरंच चोरला असता तर मला बरं वाटलं असतं."

ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

नियम मीच केला होता. तिला उठायचं तर मला बोलावं लागणार होतं. आईने गॅस बारीक केला.

"हो," मी म्हटलं, "असंच."