दफनभूमीतली पंगत

होल्गरने चष्मा चढवला, कालव्याकाठच्या हॉटेलाबाहेर लावलेल्या दरपत्रकाजवळ नाक नेलं आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"हेरिंग. तीन तुकडे. वर कांद्याची पात... थोरा, एवढ्या पैशांत आपल्याकडे अख्खी पेटी येते. वर पेटी घरी ठेवता येते!"

"हळू बोल. आत लोक जेवताहेत."

"त्यांनाही कळू दे की."

थोराला हसू आवरेना. दोघं पहाटेच्या बोटीने बोर्नहोल्म बेटावरून निघून, स्वीडनमार्गे आपल्या देशाच्या राजधानीत पोचले होते. होल्गरचा जन्म बेटावरची बस हाकण्यात गेला, तिचा हॉटेलांच्या चादरी धुण्यात. बोटीत आणि आगगाडीत त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, कारण थोराच्या मांडीवरच्या खोक्यात धुरी दिलेले हेरिंग मासे होते आणि त्यांचा वास खोक्यात मावत नव्हता. "पहिल्या वर्गाचा प्रवास," होल्गर पाय पसरून म्हणाला होता.

उद्या त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, आस्गरचं लग्न. मुलीचे वडील लोरेन्स मोठे वकील. लग्नाचं जेवण त्यांनी याच हॉटेलात ठरवलं होतं आणि बिलही तेच देणार होते. "निदान बिअर तरी आपली," असं म्हणत होल्गर भाव बघायला आला होता. आता त्याने चष्मा मिटून खिशात ठेवला, आणि पुढचा पूल येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. थोराला ते टोचलं. हा माणूस बस चालवतानासुद्धा कधी गप्प बसलेला नव्हता.

संध्याकाळी आस्गरच्या एका खोलीच्या घरात विषय निघालाच.

"बाबा, सोड ना हट्ट. ते आनंदाने देताहेत."

"देऊ देत रे. पण पोराच्या लग्नात बापानं पाहुण्यासारखं जेवायचं आणि तोंड पुसून उठायचं?"

विबे, होणारी सून, इतका वेळ खोक्यात डोकावत होती. तिने एक तुकडा बोटांनी तोडून तोंडात टाकला. "हे एवढं असताना हॉटेल कशाला? ब्रेड आणा, बिअर आणा. रस्त्यापलीकडे बसू. दफनभूमीत."

"लग्नाची पंगत स्मशानात?" थोरा किंचाळलीच.

"अगं आई, इथे सगळेच जातात," आस्गर हसत म्हणाला. "उन्हाळ्यात गवतावर जागा मिळत नाही."

"माझी आई तिथेच आहे," विबे तुकडा चघळत म्हणाली. "तिला हॉटेलात कोण बोलावणार?"

होल्गरने खोकं आपल्याकडे ओढलं आणि मासे मोजायला घेतले.

"आणि तुझे बाबा?" थोराने जपून विचारलं.

"फोन करते, हॉटेललाही कळवते. बाबा येतील की नाही, सांगता येत नाही. आई गेल्यापासून तिथं त्यांनी पाऊल टाकलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी नगरभवनातलं लग्न बघता बघता उरकलं. लोरेन्सनी मुलीच्या गालाचा मुका घेतला, "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले आणि एकटेच कुठेतरी चालू लागले.

दफनभूमीत ऊन पडलं होतं. कुणी थडग्यांमधल्या हिरवळीवर पुस्तक वाचत पडलं होतं, कुणी बाबागाडी ढकलत होतं. विबेच्या आईच्या थडग्याच्या दगडापाशी चादरी पसरल्या. थोराने काळ्या ब्रेडवर हेरिंग, मुळा आणि अंड्याचा कच्चा बलक मांडला. होल्गर कोट काढून आपल्या जुन्या आवाजात ओरडू लागला, "आत सरका मंडळी, मागे जागा आहे! अजून एक घ्या. नाही म्हणणाऱ्याला पुढच्या थांब्यावर उतरवीन!" सायकलवरून जाणारा एक अनोळखी माणूस नवरीला शुभेच्छा द्यायला थांबला, तर त्यालाही होल्गरने खाऊ घातलं. थोराला वाटलं, याला इतकं खुशीत पाहून किती दिवस झाले.

पंगत निम्मी झाली तेव्हा वाटेवर लोरेन्स दिसले. काळा सूट, हात मागे बांधलेले. ते पुढेही येईनात, मागेही जाईनात.

होल्गर उठून गेला. "या व्याही! उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही."

त्याने त्यांना दंडाला धरून आणलं आणि थोराशेजारी, दगडाकडे तोंड करून बसवलं. ताटात सगळ्यांत मोठा, अख्खा मासा वाढला. लोरेन्स काटा-सुरीने तो नुसता इकडून तिकडे सरकवत राहिले. होल्गरचा चेहरा उतरायला लागला.

"आवडत नाही का तुम्हाला?" थोराने हळूच विचारलं.

"छे, फार आवडतं." त्यांचे कान लाल झाले. "मला यातले काटे काढता येत नाहीत. ती काढून द्यायची. घरी मासा आला की..."

त्यांची नजर समोरच्या दगडावर गेली.

थोराने त्यांचं ताट आपल्या मांडीवर ओढून घेतलं, मासा मधोमध उघडला आणि बोटांनी चाचपत एकेक काटा काढू लागली. लोरेन्स गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसले.